सागापलीकडचा टॉवर: छतावरच्या 5जी नेटचे दहा महिने

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, एका लहान गावात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये छतावर 5जीचा डबा बसवला, म्हणजे टॉवरचा सिग्नल पकडून घरात नेट देणारं यंत्र. आता डिसेंबर 2025 लागला. उन्हाळा, पावसाळा आणि कापसाचा हंगाम, तिन्ही त्याच्यावर काढून झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम टाळतो आहे. आपल्याकडं नेट चांगलं की वाईट हे कंपनीवर ठरत नाही, टॉवरवर ठरतं. शेजारच्या गावात याच कंपनीचा हाच डबा आहे आणि तिथला अनुभव माझ्या अगदी उलट आहे.

आधी मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करायचो. खिडकीच्या वरच्या कोनाड्यात फोन ठेवायचा आणि सकाळी सहा ते आठमध्ये जमेल तेवढं उरकायचं. दहा वाजले की पान उघडायचं नाही. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलेली आहे, पण रस्त्याच्या खोदकामात ती दोनदा तुटली आणि घरापर्यंत तर कधी आलीच नाही. म्हणून हा डबा घेतला. प्लॅन 100 एमबीपीएसचा, महिन्याला 899 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,061 रुपये. महिन्याला 1,000 जीबी डेटा मिळतो. केंद्र आणि घर मिळून मी त्याच्या अर्ध्यापर्यंतही गेलो नाही.

मार्च-एप्रिल फार छान गेले. दिवसा कधीही मोजलं तरी 95च्या आसपास, अपलोड 15, पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) 30 मिलिसेकंद. गावातली पोरं परीक्षेचे अर्ज भरायला यायची तेव्हा मी खुर्चीतून न उठता चार-चार अर्ज पाठवले. मे महिन्यात पहिली कुरबूर. दुपारी दोन ते पाच डबा इतका तापायचा की आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. छत सिमेंटचं, वरून 45 अंशांचं ऊन. त्याच्या पाठीमागं आणि डोक्यावर पांढऱ्या प्लास्टिकच्या पत्र्याची सावली केली, पुढची बाजू मोकळी ठेवली. तेवढ्यानं भागलं. लोखंडी टिन वापरू नका, सिग्नल अडतो.

खरी गोष्ट जुलैची. वेग घसरून 25 वर आला, अपलोड 2. मेकॅनिक आला, म्हणाला पावसामुळं आहे, उघडीप पडली की होईल. उघडीप पडली, काही झालं नाही. मग मी कंपनीच्या ॲपमध्ये सिग्नलचा आकडा बघायला लागलो. एप्रिलमध्ये उणे 88 डीबीएम होता, तो आता उणे 108 होता. उणे 88 कडून उणे 108 कडं जाणं म्हणजे सिग्नलची ताकद शंभरावा हिस्सा उरणं. डबा तोच, जागा तीच, टॉवर तोच. मग बदललं काय? छतावर उभा राहून टॉवरकडं पाहिलं आणि टॉवर दिसलाच नाही. मध्ये एका कास्तकाराच्या धुऱ्यावर सागाची रांग आहे. मार्चमध्ये साग ओका असतो, नुसत्या काड्या, त्यामुळं पलीकडचं सगळं दिसतं. मृगाचा पाऊस पडला की त्याला ताटाएवढी पानं फुटतात, आणि ओलं पान म्हणजे रेडिओ लहरींसाठी पाण्याची भिंतच.

यामागचं कारण थोडक्यात असं. 5जीचा 3.5 गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद आहे, त्यातून पुष्कळ डेटा जातो, पण झाड, भिंत, अंतर यापुढं त्याचा दम लवकर सुटतो. 700 मेगाहर्ट्झचा पट्टा दूर जातो, पानांतूनही बऱ्यापैकी निघतो, पण त्याची वाट अरुंद आहे. माझ्यापासून टॉवर तीन किलोमीटर. उन्हाळ्यात डबा रुंद पट्टा पकडत होता, पावसाळ्यात नाइलाजानं अरुंद पट्ट्यावर जात होता. फेब्रुवारीत बसवणाऱ्यानं आकडा पाहिला आणि निघून गेला, त्याच्या दृष्टीनं काम झालं होतं.

साग तोडा म्हणणं माझ्या मनातही आलं नाही. झाड दुसऱ्याचं, आणि त्याला परवानगी लागते ती वेगळी. डब्याचा दहा फुटांचा पाईप काढून बावीस फुटांचा जीआय पाईप उभा केला, तिन्ही बाजूंनी तारेचे ताण दिले. 2,600 रुपये लागले. सिग्नल उणे 97 वर आला, वेग 70-80 वर. सागाच्या वर डबा पूर्ण निघालेला नाही, पण काम अडत नाही. सागाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी बसवायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बसवा. तेव्हा चाललं तर बाराही महिने चालेल.

उंच पाईपसोबत विजेची भीतीही आली. ऑगस्टमध्ये जवळच वीज पडली आणि अडॅप्टर जळाला, कॉम्प्युटरचं केबलचं पोर्टही गेलं. पाईपवर वीज पडली नव्हती, दूर पडली होती, तरी. आता मीठ-कोळसा टाकून वेगळं अर्थिंग केलं आहे आणि गडगडाट सुरू झाला की प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवतो. बसवताना यातलं कोणी काही सांगत नाही, याचा मला राग आहे. आपल्या भागात दरवर्षी वावरात माणसं विजेनं जातात, त्या गावात छतावर लोखंड उभं करताना अर्थिंगचं नाव निघू नये?

लाईन जाण्याबद्दल वेगळं लिहितो, कारण इथं माझा सगळ्यात मोठा गैरसमज होता. मला वाटायचं, इन्व्हर्टर आहे म्हणजे झालं. डबा आणि राऊटर मिळून वीस-पंचवीस वॅट खातात, बॅटरीवर दिवसभर चालतील. चाललेही. पण लाईन तीन-चार तासांहून जास्त गेली की टॉवरचीच बॅटरी संपते. माझ्या घरात सगळे दिवे लागलेले आणि नेट मेलेलं. सप्टेंबरच्या वादळात असे दोन दिवस सलग गेले. म्हणून घेण्याआधी वेगाच्या आकड्याऐवजी दोन गोष्टी विचारा: टॉवरला जनरेटर आहे का, आणि टॉवरपर्यंत फायबर आली आहे का. टॉवरवर ढोलासारखे गोल डबे दुसऱ्या टॉवरकडं तोंड करून दिसले तर बहुधा तो मायक्रोवेव्हवर (फायबरविना, हवेतून जोडलेला) आहे, म्हणजे सगळ्या गावांचं पाणी एकाच बारीक नळातून येतं. आमच्या टॉवरला ऑक्टोबरमध्ये फायबर जोडली. त्याआधी रात्री आठ ते दहा हमखास घसरण व्हायची, आता फार कमी होते. मात्र फेब्रुवारीत गावात माझा एकटाच डबा होता, आज चौदा आहेत. मोबाईलवाला दिवसाला एक-दोन जीबी वापरतो, टीव्ही जोडलेलं घर त्याच्या कितीतरी पट खातं. हवेचा पट्टा सगळ्यांत तोच वाटला जाणार.

आता उपग्रहाबद्दल, कारण केंद्रात रोज कोणीतरी विचारतं, "भाऊ, ते आकाशातलं नेट कवा येते?"

मी सेवा केंद्र सुरू करण्याआधी दोन वर्षं एका बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात होतो, तिथं व्हीसॅटची, म्हणजे उपग्रहावरून नेट घेणारी, मोठी छत्री होती. तो उपग्रह विषुववृत्तावर जवळपास 36,000 किलोमीटरवर स्थिर असतो. आपली विनंती वर जाऊन खाली यायची, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली यायचं, एकूण 1,44,000 किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानंही अर्धा सेकंद जातो, आणि आधारच्या अंगठ्याला अशा पाच-सहा फेऱ्या लागतात. मशीन वेळ संपली म्हणायचं. एक आजी माझ्यावर रागवल्या होत्या, "बापू, अंगठा तं लावला न मी, अजून कितीक खेपा लावू?" निराधारचे पैसे होते त्यांचे. त्यांचा चेहरा अजून आठवतो. आता येऊ घातलेल्या कंपन्यांपैकी स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर फिरतात, वनवेबचे 1,200 वर. तिथं हा उशीर मोबाईल नेटच्या जवळ येतो, म्हणून जुन्या छत्रीच्या अनुभवावरून नव्याला नाव ठेवू नका.

स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून 2025 मध्ये मिळाला, इन-स्पेस या अंतराळ क्षेत्राच्या सरकारी संस्थेची मंजुरी जुलैमध्ये. वनवेब आणि जिओ-एसईएस यांना आधीच मिळाले आहेत. मार्चमध्ये एअरटेल आणि जिओ या दोघांनीही स्पेसएक्सशी, म्हणजे स्टारलिंकच्या मूळ कंपनीशी, करार जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली आणि वाशीम ही आपल्या विदर्भातली दोन नावं आहेत, सोबत नंदुरबार आणि धाराशिव. सेवा मात्र हे लिहीपर्यंत, डिसेंबर 2025 मध्ये, सुरू झालेली नाही. दूरसंचार नियामक ट्रायनं मे महिन्यात स्पेक्ट्रमसाठी (हवेतल्या पट्ट्यासाठी) कंपन्यांच्या उत्पन्नाच्या 4 टक्के आकार सुचवला आणि शहरी ग्राहकामागं वर्षाला 500 रुपये जादा, ते खेड्याला नाहीत. ही शिफारस मला मनापासून पटली.

माझा आतेभाऊ भामरागडकडं शिक्षक आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की तिकडचा रस्ता तुटतो, लाईन जाते, टॉवरला डिझेल पोचत नाही. त्याच्यासाठी उपग्रह ही चैन नाही, कारण छत्रीला मधला टॉवर लागत नाही. एक सोलर पॅनल, एक बॅटरी आणि मोकळं आकाश असलं की झालं. मोकळं आकाश मात्र खरंच मोकळं हवं, झाडाची फांदी आडवी आली तरी नेट तुटतं, आणि घनदाट जंगलातल्या शाळेला ही सोपी अट नाही. माझ्या गावात टॉवर आहे, तेव्हा मी आज महिन्याला हजार-अकराशेच्या वर देणार नाही. शाळा, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत यांनी मिळून एक छत्री घेतली तर तो हिशोब वेगळा.

आणि एक गोष्ट जी ना माझ्या डब्यानं सुटली, ना छत्रीनं सुटेल. ओटीपी. लाडकी बहीणच्या ई-केवायसीला बाईच्या आधारचा ओटीपी आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. माझ्याकडं 80 एमबीपीएस, आणि बाई तिच्या बटनाच्या फोनला रेंज यावी म्हणून पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभी. नवरा पुण्याला कंपनीत, त्याला फोन लागला तर आकडे कळणार, तोवर वेळ संपली. कापसाच्या नोंदणीतही तेच. यंदा, 2025-26 च्या हंगामात, सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावानं, लांब धाग्याला क्विंटलमागं 8,110 रुपये, कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी सक्तीची. सातबारा आणि पीक पाहणी चढवायला मला काही सेकंद लागले, ओटीपीला अर्धा तास. ज्यांच्या फोनवर वायफाय कॉलिंग चालतं त्यांचे संदेश माझ्या वायफायवर येतात, म्हणून आता मी आलेल्या प्रत्येकाचं ते आधी चालू करून देतो. साध्या फोनवाल्यांना, म्हणजे बहुतेक म्हाताऱ्या माणसांना, अजून टाकीच. गावाचं मोबाईल सिग्नल सुधारणं हे घरच्या नेटपेक्षा वेगळं काम आहे आणि ते झालंच पाहिजे.

प्लॅन फेब्रुवारीत संपतो. वर्षाचे पैसे एकदम भरले तर सवलत आहे, तरी मी सहा महिन्यांचेच भरणार. ते संपतील ऑगस्टमध्ये. तोवर उपग्रहाचे भाव कळलेले असतील, गावात डबे किती वाढले ते दिसेल, आणि साग पुन्हा भरपानात असेल. तेव्हाचा सिग्नलचा आकडा पाहून पुढचं ठरवीन.