‘कॅन्सरचे मूळ उपटणारी’ कॅप्सूल : नौपाड्यातील एका दुकानातून आणलेल्या उत्पादनाविषयी

ठाण्यात नौपाड्यातील एका आरोग्य-उत्पादनांच्या दुकानात स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी म्हणून एक कॅप्सूल विकली जाते. डबीवरची छापील किंमत ३,८५० रुपये, आत ६० कॅप्सूल, मात्रा सकाळ-संध्याकाळ एकेक. प्रत्येक कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतील मुख्य घटक, त्याच्या जोडीला मिरीतील पिपेरीन आणि ब्रोकोलीच्या अंकुरांचा अर्क आहे. माझ्या थोरल्या बहिणीने ही डबी भावोजींसाठी आणली आणि माझे आयुष्य औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात गेले असल्यामुळे, ती सुरू करण्याआधी सोबतच्या पत्रकासह माझ्या हाती ठेवली. माझे मत आधीच सांगते : ही कॅप्सूल घेऊ नये, आणि किमो चालू असलेल्या रुग्णाने तर मुळीच घेऊ नये. उत्पादनाचे आणि दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच धाटणीची पत्रके निरनिराळ्या नावांच्या डब्यांसोबत हाती पडतात आणि एक नाव टाळून दुसरे घेतले तर काहीच साधणार नाही.

डबीची बांधणी चांगली आहे. सील व्यवस्थित आहे, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख स्पष्ट आहे, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांकही छापलेला आहे. मात्र त्या क्रमांकाच्या खाली, भिंग धरल्याशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत, ‘औषधी वापरासाठी नाही’ असे लिहिले आहे. पूरक आहाराच्या डबीवर हे वाक्य छापणे कायद्याने बंधनकारकच आहे. सोबतचे पत्रक मात्र ठळक मराठीत, रंगीत आणि गुळगुळीत कागदावर आहे. त्यावर एका झाडाचे चित्र असून खाली ‘किमो फांद्या छाटते, आम्ही मूळ उपटतो’ असे शब्द आहेत. ज्याला इंग्रजी बारीक अक्षरे वाचता येत नाहीत त्याच्या हाती केवळ हे दुसरे वाक्य पडते, आणि कर्करोगाच्या रुग्णाच्या घरात ते किती खोल जाते हे मी ताईच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

या पत्रकाचे पहिले पान वाचून एखादा डॉक्टरही मान डोलावेल, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. गाठीतील सगळ्या पेशी सारख्या नसतात, त्यांतील थोड्याच पेशींमध्ये नवी गाठ उभी करण्याची ताकद असते आणि अशा पेशींना कॅन्सर स्टेम सेल, म्हणजे कर्करोगाच्या मूलपेशी, म्हणतात, असे तिथे लिहिले आहे, आणि त्याला भक्कम आधार आहे. टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने १९९४ आणि १९९७ मध्ये रक्ताच्या कर्करोगात हे दाखवले, २००३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात स्तनाच्या कर्करोगातही तसेच आढळले, आणि २००७ मध्ये त्याच विद्यापीठातील डायेन सिमिओनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागावर सीडी४४, सीडी२४ आणि ईएसए या तिन्ही प्रथिनांच्या खुणा असलेल्या पेशी त्यांना गाठीत जेमतेम ०.२ ते ०.८ टक्के सापडल्या. परंतु अशा केवळ १०० पेशी प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या उंदरांना टोचल्या तेव्हा निम्म्या उंदरांमध्ये गाठ वाढली. त्याच वर्षी म्युनिकच्या संशोधकांनी सीडी१३३ ही खूण असलेल्या पेशींबद्दल असेच निष्कर्ष मांडले, आणि शिवाय हेही दाखवले की त्यांच्यातील सीएक्ससीआर४ ही खूण असलेला उपगट काढून टाकला तर उंदरांमध्ये रोग इतर अवयवांत पसरत नाही. या पेशी संथपणे विभागतात, आत शिरलेले औषध बाहेर फेकतात, आणि जेमसिटाबिनसारख्या किमोच्या औषधाने बाकीच्या पेशी मेल्यावर उरलेल्या गाठीत त्यांचेच प्रमाण वाढलेले दिसते. किमोनंतर आक्रसलेली गाठ काही महिन्यांनी पुन्हा का उसळते, याचे एक कारण इथे आहे.

पत्रक जिथे थांबते तिथून पुढची हकीकत रुग्णाला कोणी सांगत नाही. पहिली गोष्ट अशी की हे गुणधर्म एखाद्या पेशीला जन्मभरासाठी चिकटलेले नसतात. स्टेम सेल नसलेली कर्करोगाची पेशीही परिस्थिती बदलली की तसे वागू लागते, म्हणजे पत्रकातील झाडाच्या चित्रात बोलायचे तर या झाडाची कुठलीही फांदी पुन्हा मूळ धरू शकते. दुसरे असे की या पेशी ज्या संदेशमार्गांवर, म्हणजे पेशीला वाढण्याचा निरोप पोहोचवणाऱ्या साखळ्यांवर, जगतात, त्यांतील नॉच आणि हेजहॉग यांसारखे मार्ग आपल्या निरोगी ऊतींनाही लागतात. आतड्याचे अस्तर सतत नव्याने तयार होते ते नॉच मार्गाच्याही आधारे, आणि म्हणून तो मार्ग रोखणाऱ्या औषधांनी रुग्णांना तीव्र जुलाब झाले. ‘फक्त रोगी मूलपेशी मारते, कोणताही दुष्परिणाम नाही’ हा पत्रकातील दावा वाचताना मला हीच गोष्ट आठवली.

आणि औषध कंपन्यांनी हा प्रयत्न केलेला आहे. हेजहॉग मार्ग रोखणाऱ्या सारिडेगिब या औषधाने उंदरांमध्ये मोठी आशा निर्माण केली होती. परंतु स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील चाचणी २०१२ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण हे औषध मिळालेले रुग्ण ते न मिळालेल्या रुग्णांपेक्षा कमी जगत होते. पुढे नापाब्युकासिन हे खास कर्करोगाच्या मूलपेशींसाठी म्हणून विकसित केलेले, तोंडाने घ्यायचे औषध आले आणि त्याची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी १,१३४ रुग्णांवर, नेहमीच्या किमोच्या जोडीने झाली. २०१९ मध्ये ती थांबवण्यात आली, कारण आयुष्य वाढत नव्हते. ज्या रोगात एवढा पैसा, एवढ्या प्रयोगशाळा आणि एवढे रुग्ण पणाला लावून हे साधले नाही, ते नौपाड्यातील काउंटरवर ३,८५० रुपयांत मिळते, हे मी कसे मान्य करावे?

हळद आणि ब्रोकोली यांच्याविषयीही अंदाजाने बोलायची गरज नाही. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने स्वादुपिंडाचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिले आणि २००८ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. मूल्यमापन करता आलेल्या २१ रुग्णांपैकी दोघांमध्ये काहीसा परिणाम दिसला, त्यातही एकाची गाठ लहान होऊन लवकरच पुन्हा वाढली, आणि कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते हे पुन्हा स्पष्ट झाले. या डबीची मात्रा दिवसाला १ ग्रॅम आहे. ब्रोकोलीतील सल्फोराफेनने प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या स्टेम सेल दुबळ्या होतात, हे जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले होते आणि पत्रकात त्याचा अभिमानाने उल्लेख आहे. त्याच हायडेलबर्गमध्ये नंतर ४० रुग्णांवर चाचणी झाली, त्यात दिवसाला १५ कॅप्सूल दिल्या गेल्या, कित्येकांना त्या गिळवेनात, आणि जगण्याच्या कालावधीत लक्षणीय फरक आढळला नाही, हे मात्र पत्रकात नाही.

मी ताईबरोबर दुकानात गेले. काउंटरवरचा तरुण नम्र होता, त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. ‘काकू, काळजी करू नका, तीन महिने द्या, मार्कर खाली येतो,’ असे तो ताईला म्हणाला. मी विचारले, ‘कोणत्या रुग्णांचा मार्कर खाली आला, आणि त्यांची किमो चालू होती का?’ त्यावर तो म्हणाला, ‘किमो तर चालूच असते, मॅडम, आपली कॅप्सूल सपोर्टला.’ म्हणजे सीए १९-९ हा मार्कर, रोगाचा अंदाज देणारा रक्तातील घटक, खाली आला तर श्रेय कॅप्सूलचे, आणि वर गेला तर रोग हट्टी. पित्तनलिकेतील अडथळा मोकळा झाला तरी हा मार्कर खाली येतो, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि त्या मुलाला त्याचा दोष मी देणार नाही. पत्रक लिहिणाऱ्याला मात्र ते ठाऊक असायला हवे.

माझी सर्वांत मोठी हरकत मात्र यकृताविषयी आहे. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात गाठ असली की पित्तनलिका दाबली जाते, कावीळ होते आणि नलिकेत स्टेंट, म्हणजे ती मोकळी ठेवणारी बारीक नळी, घालावा लागतो. भावोजींनाही तो घातला आहे. पुढे किमोच्या प्रत्येक सायकलच्या, म्हणजे फेरीच्या, आधी बिलिरुबिन हे काविळीत रक्तात वाढणारे द्रव्य पाहिले जाते आणि ते वाढलेले असेल तर किमो लांबणीवर पडते. हळदीच्या तीव्र पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे अमेरिकेत नोंदली गेली आहेत, आणि पिपेरीन तर कर्क्युमिनचे शोषण वाढवण्यासाठीच घातलेले असते. अशा वेळी रिपोर्ट बिघडला तर स्टेंट तुंबला, रोग वाढला की कॅप्सूलने घोटाळा केला, हे डॉक्टरांनी कसे ओळखायचे? शिवाय पिपेरीन यकृतातील ज्या एन्झाइमला अडवते त्याच एन्झाइमच्या वाटेने पॅक्लिटॅक्सेल आणि इरिनोटेकान या किमोच्या औषधांचा काही अंशी निचरा होतो. चार औषधांच्या फोलफिरिनॉक्स या किमोने पसरलेल्या रोगातही सरासरी आयुष्य ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर नेले, हे २०११ मध्ये सिद्ध झाले आहे. ज्या रोगात प्रत्येक आठवडा असा झगडून मिळवावा लागतो, तिथे एका पूरकापायी सायकल चुकवणे मला सहन होत नाही.

या घरात खरोखर उपयोगी पडली ती दुसरीच कॅप्सूल. भावोजींचे वजन घटत होते, शौच तेलकट आणि तरंगणारे होत होते, दोन घास खाल्ले की पोट फुगत होते. स्वादुपिंडातून पाचक रस आतड्यात पोहोचत नसल्याची ही लक्षणे आहेत आणि त्यावर पॅनक्रिएटिन हे एन्झाइम असते. ते उपाशीपोटी नव्हे, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायचे, जेवण लांबले तर उरलेली मात्रा मध्ये घ्यायची, आणि गरम चहाबरोबर घ्यायचे नाही. मात्रा डॉक्टर ठरवतात. हे एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले असते, तेव्हा शाकाहारी घरात ही गोष्ट आधीच बोलून घेतलेली बरी. आमच्याकडे ताईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘त्यांना वरणभात पचू दे, बाकीचे देव बघून घेईल.’ ठाण्याहून परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात जाणाऱ्या कुटुंबांनी आहारतज्ज्ञांना हा प्रश्न आवर्जून विचारावा, कारण किमोच्या धांदलीत तो राहून जातो.

दुकानाने न उघडलेली डबी परत घेतली, पण पैसे रोख न देता त्या रकमेची दुसरी उत्पादने घ्या असा आग्रह धरला, आणि बराच वेळ बोलल्यावर रक्कम परत केली. औषधे आणि जादुई उपाय यांच्या जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात कर्करोगाचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे तो बरा करण्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. आणि अन्नपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मी पत्रकाच्या दोन्ही बाजूंचे आणि डबीवरील बारीक अक्षरांचे फोटो जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. ज्यांच्याकडे असे पत्रक आले असेल त्यांनी ते फेकू नये, आणि खरेदी केलीच असेल तर बिल मागून घ्यावे, कारण या दुकानात ते मागितल्याशिवाय मिळत नाही आणि तक्रारीला त्याची जोड लागते.