सब्स्टिट्यूट की रिप्लेसमेंट? क्रिकेटमधले दोन बदली खेळाडू

दोघेही बदलीच, पण हक्कांत जमीन-अस्मानाचा फरक. सब्स्टिट्यूट फक्त क्षेत्ररक्षणापुरता. बॅटिंग नाही, बॉलिंग नाही. कीपिंगही अंपायर हो म्हणाले तरच. तरी २००५ मध्ये ट्रेंट ब्रिजवर इंग्लंडच्या अशाच सब्स्टिट्यूट गॅरी प्रॅटने ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पाँटिंगला धावबाद करून दाखवलं.

कन्कशन रिप्लेसमेंट, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसलेल्याच्या जागी येणारा, मात्र सगळं करू शकतो. ही सोय ऑगस्ट २०१९ पासूनची. कसोटीत पहिला मान ऑस्ट्रेलियाच्या लॅबुशेनचा, स्मिथच्या जागी. अट अशी की बदली त्याच जातकुळीचा हवा, म्हणजे फलंदाजाच्या जागी फलंदाज. घोळ इथेच होतो. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळ गहुंजेत इंग्लंडविरुद्धच्या टी-२० सामन्यात भारताच्या शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, बदली आला हर्षित राणा आणि ३ बळी घेऊन गेला. दुबे फलंदाजी करणारा अष्टपैलू, राणा अस्सल वेगवान गोलंदाज. इंग्लंडचा कर्णधार बटलर चिडला, आणि माझ्या मते त्याची तक्रार रास्तच होती.