रिवाइव्ह कोरल क्लीनर: हलती कीड मरते, अंडी आपण काढायची

पोवळ्यांवरची कीड काढायच्या या औषधाला पाचपैकी चार तारे. पाचवा का नाही, ते पुढे येईलच.

देवगडला आमच्या माजघरात दीडशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असला तरी टाकीत आरओचं पाणी आणि विकतचं मीठच घालते, कारण पावसाळ्यात इथलं किनाऱ्याचं पाणी गढूळही होतं आणि त्याचा खारटपणाही उतरतो. टाकीत फक्त झोअँथिड (थोडक्यात झोआ, फुलांच्या गुच्छासारखी दिसणारी मऊ पोवळी) आणि मशरूम पोवळी. दगडी पोवळी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ती मी ठेवत नाही. मालवणला फिरायला गेलेलं कुणी वाळूतला मेलेला तुकडा आणून देऊ लागलं, तर तोही घेत नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून हिरव्या झोआंचा गुच्छ मागवला. पिशवी तरंगवली, तापमान जुळवलं आणि गुच्छ थेट टाकीत ठेवला. आठवडाभरात पॉलिप, म्हणजे गुच्छातली एकेक फुलं, मिटायला लागले. खारटपणा मोजला, नायट्रेट मोजलं, दिव्याची उंची बदलून पाहिली. कुठेच काही चुकत नव्हतं. एका रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि त्यांनी मला हाक मारली, "गो, हकडे ये बघू. तुझां फूल चालतां."

मोबाईलचा टॉर्च लावला. करंगळीच्या नखापेक्षाही लहान, पाठभर मऊ धागे, आणि रंग अगदी पॉलिपचाच हिरवा. झोआ खाणारी न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेली समुद्री गोगलगाय. जे खाते त्याचाच रंग ती अंगावर घेते, त्यामुळे दिवसा समोर असूनही दिसत नाही. त्या रात्री चिमट्याने सात काढल्या. तोवर चार वर्षं वाढवलेला माझा केशरी गुच्छ जवळजवळ संपला होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर ही बाटली घेतली. औषध वनस्पतींच्या अर्कांचं आहे. मी ते आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात वापरते, कारण पांढऱ्या तळावर काय पडलं ते लगेच कळतं. डब्यात टाकीचंच पाणी आणि बाटलीवर लिहिलंय तेवढंच औषध. अंदाजाने जास्त ओतू नका. पोवळं बुडवून सुई काढलेल्या सिरिंजने प्रत्येक फटीत पाण्याचा झोत मारते. दिवाळीनंतर आणलेल्या गुच्छातून पाच मिनिटांत दोन न्यूडिब्रँक, एक काटेरी अळी आणि कोळंबीच्या जातीचे बारीक किडे तळाला आले. मग स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या दोन डब्यांतून पोवळं खळबळून घेतलं. औषधाचं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही, एक कपसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक पॉलिप उमलले होते. एवढं काम करून पोवळ्याला इतकं कमी दुखवणारं औषध मी तरी दुसरं वापरलेलं नाही.

पण अंडी त्याने मरत नाहीत. इतर डिपचंही, म्हणजे पोवळं बुडवायच्या औषधांचंही, तेच आहे, तरी एकदा बुडवलं की झालं असं समजणारे खूप भेटतात. गुच्छ ज्या सिमेंटच्या चकतीवर येतो ती उलटी करून पाहा. माझ्या चकतीखाली पारदर्शक दोऱ्याचं वेटोळं होतं, मोहरीच्या दाण्याएवढं. बोटाला बुळबुळीत लागलं म्हणून कळलं. ते जुन्या टूथब्रशने घासून काढलं, गुच्छ चकतीवरून सोडवून नव्या चकतीवर चिकटवला आणि जुनी फेकून दिली. तरी सहा दिवसांनी पुन्हा बुडवल्यावर तांदळाच्या कणीएवढं एक पिल्लू डब्यात पडलंच. गुच्छ तेव्हा टाकीत असता तर गणपतीतलं सगळं पुन्हा घडलं असतं.

म्हणून पडवीत वीस लिटरचा वेगळा टब ठेवलाय. स्पंज फिल्टर, लहान दिवा आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, एवढंच. नवं पोवळं तिथे सहा आठवडे राहतं. पहिल्या महिन्यात दर सहा दिवसांनी डिप, आणि रात्री टॉर्च लावून पाहणी. एप्टेशिया (टाकीभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) किंवा बुडबुड्यांचं शेवाळ आलं असेल तर या औषधाचा भरवसा धरू नका, ते दगडाच्या तुकड्यासकट कापून काढावं लागतं.

आणि हातमोजे, चष्मा घातल्याशिवाय झोआंना हात लावू नका. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. घासताना पाणी डोळ्यांत उडू शकतं, म्हणून घासायचं ते पाण्याखालीच. स्वयंपाकघराच्या मोरीत हे काम करायचं नाही, आणि दगड साफ करायला उकळायचा तर मुळीच नाही, वाफेतूनही त्रास होतो.

तक्रार एकच. बाटली महाग आहे, आणि एका पोवळ्याला चार-पाच डिप धरले तर लहान बाटली लवकर संपते. घेणार असाल तर मोठी घ्या. सध्या पडवीत जांभळ्या झोआंचा गुच्छ आहे, एकोणिसावा दिवस. परवाच्या तिसऱ्या डिपमध्ये डब्याच्या तळाशी काहीच पडलं नाही. चौथा डिप तरीही करणार आहे.