स्कॉटलंडमधील घरगुती निवास : आग्रहाविना पाहुणचार

जून महिन्यात मी आणि माझी पत्नी अकरा रात्री स्कॉटलंडमध्ये होतो. त्यांपैकी आठ रात्री आम्ही, जेथे घरमालक स्वतः राहतात आणि दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात, अशा 'बेड अँड ब्रेकफास्ट' घरांत काढल्या. नागपूरहून निघणाऱ्या सहलीच्या बसमधून देश दिसतो, पण माणसे भेटतात ती धरमपेठेतलीच, असा आमचा पूर्वीचा अनुभव होता, म्हणून या वेळी हा मार्ग निवडला. घरांची नावे मी देत नाही, कारण मला लिहायचे आहे ते परक्या माणसाला दारात घेण्याच्या तेथील रीतीविषयी. दोघांना एका रात्रीचे नाश्त्यासह शंभर ते सव्वाशे पौंड पडले. मनातल्या मनात रुपयांचा गुणाकार करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

ही रीत उमगायला आम्हाला दोन दिवस लागले. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग "आता जेवूनच जा" असा चढता क्रम असतो आणि पाहुण्याने दोनदा नको म्हणणे हाही त्या क्रमाचाच भाग असतो. फोर्ट विल्यम या गावातल्या घरमालकीणबाईंनी आम्हाला चहा घेणार का म्हणून विचारले, पत्नी सवयीने "नको, कशाला उगाच त्रास" असे म्हणाली आणि बाईंनी ते खरे मानून विषय संपवला. बाहेर अकरा अंश तापमान, अंगावर भिजलेली जाकिटे, आणि आम्ही दोघे पलंगाच्या कडेवर बसून एकमेकांकडे पाहत राहिलो. खोलीच्या कोपऱ्यात किटली, चहाच्या पुड्या, दूध आणि लोणीदार शॉर्टब्रेडची बिस्किटे मांडून ठेवली होती, हे बऱ्याच वेळाने ध्यानात आले. तेथे नाही म्हणजे नाहीच असते. तेव्हा पहिल्या विचारण्यालाच होकार द्यावा.

मात्र त्याच बाईंनी त्या संध्याकाळी, न विचारता आणि न सांगता, आमचे चिंब बूट आत वर्तमानपत्राचे बोळे घालून बॉयलरपाशी वाळत ठेवले होते. पत्नी शाकाहारी असल्याचे आम्ही आरक्षण करताना एका ओळीत कळवले होते. सकाळी तिच्यासाठी वेगळ्या तव्यावर अळंबी, टोमॅटो, बटाट्याची 'टॅटी स्कोन' नावाची जाडसर पोळी आणि शाकाहारी हॅगिस तयार होते. मूळ हॅगिस मेंढीचे काळीज, हृदय आणि फुप्फुस ओटमध्ये शिजवून करतात. शाकाहारी प्रकारात त्यांच्या जागी डाळी आणि कडधान्ये येतात, आणि मिरपूड सढळ असल्यामुळे विदर्भातल्या जिभेला ते परके वाटत नाही. नाश्त्याच्या थाळीत काळी चकती दिसली तर ती रक्तापासून केलेली 'ब्लॅक पुडिंग' असते, एवढे शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावे. दुसऱ्यांदा वाढायला कोणी आले नाही, पण रिकामी बशी पुढे केली तेव्हा ती भरून मिळाली.

घराबाहेर मात्र ही मितभाषी मंडळी बोलकी होतात, विशेषतः ग्लासगोमध्ये. बसथांब्यावर मोबाइलमध्ये डोके घालून उभे असताना एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला कोठे जायचे ते विचारले, हवामानाला मनसोक्त शिव्या घातल्या आणि आमची बस येईपर्यंत आमच्यासोबत थांबण्यासाठी स्वतःची बस सोडून दिली. त्यांच्या बोलण्यातील निम्मे शब्द आम्हाला कळले नाहीत. पत्नीला त्यांनी दोनदा 'हेन' म्हटले, तेव्हा बसमध्ये बसल्यावर तिने मला विचारले, "अहो, ते मला कोंबडी म्हणाले का?" म्हणाले होते खरे, ग्लासगोमध्ये अनोळखी स्त्रीला मायेने हाक मारण्याचा तो शब्द आहे, जसे आपण कोणालाही मावशी म्हणतो. मला मात्र नात्याचा आधार मिळाला नाही. पहिल्याच भेटीत सगळे मला माझ्या नावाने हाक मारत होते, जे लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत माझ्या पत्नीनेही केलेले नाही.

सगळे गोडच होते असे मी म्हणणार नाही. एका रात्री रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीतून काही पोरांनी आमच्याकडे पाहून काहीतरी ओरडले, आणि त्याचा अर्थ समजण्यासाठी शब्द कळण्याची गरज नव्हती. पण याच ग्लासगोच्या पोलॉकशील्ड्स भागात, केनम्युअर स्ट्रीटवर, 13 मे 2021 रोजी, ऐन ईदच्या दिवशी, ब्रिटिश गृहखात्याच्या अधिकाऱ्यांनी दोन भारतीय पुरुषांना स्थलांतराच्या नियमांखाली ताब्यात घेऊन गाडीत बसवले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्या गाडीला वेढा घातला आणि सुमारे आठ तासांनी त्या दोघांना सोडून द्यावे लागले. शेजार हा शब्द आपण पुष्कळ वापरतो. असा शेजार मी नागपुरातही क्वचितच पाहिला आहे.

ग्लासगोहून फोर्ट विल्यममार्गे स्काय बेटावर जाणारी सिटीलिंकची बस ग्लेनको नावाच्या खिंडीसारख्या दरीतून जाते. डोंगर काळे, उंच आणि ओले. 1692 साली राजाच्या सैनिकांची एक तुकडी येथल्या मॅक्डोनल्ड कुळाच्या घरांत सुमारे दोन आठवडे पाहुणी म्हणून राहिली, त्यांचे अन्न खाल्ले, आणि 13 फेब्रुवारीच्या पहाटे आपल्याच यजमानांवर उलटली. अडतीसच्या आसपास माणसे मारली गेली. तुकडीचा प्रमुख कॅम्पबेल कुळातला होता. स्कॉटिश इतिहासात याहून मोठ्या कत्तली झाल्या आहेत, तरी ही विसरली जात नाही, कारण खाल्ल्या मिठाला न जागता केलेला खून हा तेथील जुन्या कायद्यातही निराळा, अधिक गंभीर गुन्हा होता. दरीतल्या एका सरायीच्या दारावर कॅम्पबेल मंडळींना मज्जाव असल्याची पाटी आजही आहे, अर्थात गमतीने.

एडिनबऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. तेथील तीन रात्री आम्ही अॅपवरून घेतलेल्या सदनिकेत राहिलो. दाराशेजारच्या पेटीत किल्ली होती, पेटीचा क्रमांक मोबाइलवर आला, आणि मालक कोण हे शेवटपर्यंत कळले नाही. स्वागत चार आकड्यांत आटोपले. न्हाणीघरात गरम पाणी येईना तेव्हा केलेल्या संदेशाला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले. शहरवासीयांची अशा सदनिकांविषयीची नाराजी जुनी आहे, आणि 2023 पासून या सदनिकांना परवाना बंधनकारक झाला आहे. 24 जुलै 2026 पासून या शहरात निवासाच्या भाड्यावर पहिल्या पाच रात्रींपर्यंत 5 टक्के पर्यटक कर लागू करण्याचे ठरले असल्याने तेवढी तजवीज ठेवावी. माझा सल्ला असा की एडिनबऱ्यातही माणूस राहत असलेलेच घर शोधावे.

स्काय बेटावरच्या पोर्ट्री गावातले घर सर्वांत उजवे होते. जूनमध्ये तेथे रात्री दहानंतरही उजेड असतो आणि सत्तरीच्या घरमालकीणबाई त्या उजेडात आमच्यासोबत बसत. माझे शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात झाले आणि ते नाव एका स्कॉटिश मिशनऱ्याचे आहे, असे मी सहज बोलून गेलो. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, त्यांनी येथील जीवाश्म आणि खडक अभ्यासले आणि 1863 मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला, एवढेच मला ठाऊक होते. दुसऱ्या सकाळी लापशीच्या वाडग्याशेजारी नकाशा उघडून ठेवलेला होता आणि हिस्लॉप यांचे जन्मगाव डन्स, इंग्लंडच्या सीमेलगतचे, पेन्सिलीने खूण करून दाखवलेले होते. परक्याचे बोलणे रात्रभर लक्षात ठेवणे हा पाहुणचार मला तीनदा चहा विचारण्यापेक्षा मोलाचा वाटला. घराला मी पाचपैकी पाच गुण देतो. अरुंद जिन्याचा अर्धा गुण कापणार होतो, पण तो सोडून दिला.

निघताना पत्नीने नागपूरहून नेलेला संत्रा बर्फीचा शेवटचा डबा बाईंना दिला. त्यांनी तो तेथेच उघडून एक वडी खाल्ली आणि आम्हाला मुलगा आहे का, असे विचारले. आहे म्हटल्यावर त्याचे केस कसे आहेत, हा पुढचा प्रश्न आला. नववर्षाच्या मध्यरात्रीनंतर काळ्या केसांचा पुरुष कोळसा आणि खाऊ घेऊन उंबरठ्यात पहिले पाऊल टाकतो, तर घराला वर्ष चांगले जाते, अशी तेथील जुनी समजूत आहे. माझे केस पाहून मी बाद झालो होतो. "मुलाला 31 डिसेंबरला पाठवा," बाई म्हणाल्या, "कोळसा मी देईन, ही मिठाई त्याने आणावी."