लोअर केलेली बाईक आणि गायब झालेले ६५ मिलीमीटर

उंची कमी असलेल्या, नुकतीच बाईक शिकलेल्या माणसाला जुन्या गाड्यांच्या बाजारात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "पाय टेकतायत ना? मग अजून काय बघायचं?" फसवणूक होते ती याच वाक्यावर. पाय टेकतात हे खोटं नसतं. ते टेकावेत म्हणून गाडी लोअर करताना, म्हणजे तिची उंची कमी करताना, तिचं काय केलंय, हे मात्र कुणी सांगत नाही.

पुण्यातलं एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात या धंद्यातल्या जवळजवळ सगळ्या युक्त्या एकाच गाडीत सापडल्या. घेणारी मुलगी पाच फूट एक इंच उंच, जांघेपासून टाचेपर्यंतचं माप ७० सेंटीमीटर. सवय स्कूटरची, गिअरची गाडी नवीनच. तिला हवी होती रॉयल एनफील्डची जुनी हिमालयन, ४११ सीसीची. कंपनीच्या आकड्यांनुसार या गाडीची सीट ८०० मिमी उंच, वजन १९९ किलो आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांतलं अंतर, २२० मिमी. डीलरने जाहिरातीत लिहिलं होतं, "लोअर केलेली, लेडीज रायडरसाठी बेस्ट." किंमत बाजारभावाचीच, वर "इम्पोर्टेड लोअरिंग किट"चे वेगळे पैसे.

गाडी दाखवतानाच पहिली चलाखी झाली. दोन्ही चाकं पेव्हर ब्लॉकच्या मधल्या पन्हाळीत उभी केली होती. म्हणजे चाकं खाली आणि बसणाऱ्याचे पाय वरच्या ब्लॉकवर. शिवाय "मी धरतो, घाबरू नका" म्हणत एक पोरगा मागचं कॅरियर धरून उभा. तो गाडी धरत नव्हता, खाली दाबत होता. बसणाऱ्याला एवढंच कळतं की दोन्ही तळवे टेकले. इसार लगेच दिला गेला.

घरी नेताना पहिल्याच मोठ्या स्पीडब्रेकरवर इंजिनखालची पत्र्याची प्लेट घासली. मागे कुणी बसलं की खड्ड्यात चाकातून 'खर्रर्र' असा आवाज यायचा. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये साईड स्टँडवर लावलेली गाडी आपोआप उजवीकडे आडवी झाली. ब्रेक लिव्हर आणि इंडिकेटर तुटले. डीलरचं म्हणणं, "नवीन आहात, स्टँड नीट लावला नसेल."

गाडी गॅरेजमध्ये उघडल्यावर हिशोब लागला. सपाट जमिनीवर सरळ उभ्या गाडीची सीट टेपने मोजली तर ७३५ मिमी भरली. ८०० मधून ७३५ गेले, म्हणजे ६५ मिमी कुठेतरी कापले होते. कुठे, ते एकेक करून बघा.

वीसेक मिलीमीटर सीटच्या फोममधून गेले होते. कव्हर काढल्यावर दिसलं की मधला फोम सुरीने खरवडून जवळजवळ प्लास्टिकच्या तळापर्यंत नेला होता. अशा सीटवर अर्ध्या तासात माकडहाड दुखायला लागतं. मजेची गोष्ट नाही, पण निदान जीवावर बेतणारीही नाही.

उरलेले ४५ मुख्यतः मागच्या सस्पेन्शनमधून काढले होते. हिमालयनला मागे एकच शॉकअप असतो आणि तो लिंकेजमधून, म्हणजे जोडपट्ट्यांमधून, चिमट्याला, म्हणजे स्विंगआर्मला, जोडलेला असतो. लिंकच्या पट्ट्या थोड्या लांब केल्या की सीट त्याच्या कितीतरी पट खाली येते. तत्त्व बरोबर आहे. चांगल्या मशीनवर कापलेल्या, दोन्ही बाजूंना तंतोतंत सारख्या लिंक मिळतातही. इथे "इम्पोर्टेड किट" म्हणून बसवलेल्या होत्या फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळते तशा लोखंडी पट्टीच्या दोन फळ्या. कडेवर ग्राइंडरच्या रेघा, भोकं ड्रिलने पाडलेली. डाव्या पट्टीच्या भोकांमधलं अंतर उजवीपेक्षा तीन मिमी जास्त. एक भोक तोवर अंडाकृती झालं होतं आणि त्यातून बोल्टच्या आट्यांचा ठसा स्पष्ट दिसत होता. अशा पट्ट्यांवर भार तिरपा येतो, बुश एका बाजूने खाल्ले जातात, आणि पट्टी तुटली तर चालत्या गाडीचा मागचा भाग क्षणात खाली बसतो.

तेवढ्यानेही भागलं नाही म्हणून शॉकअपच्या स्प्रिंगचे दीड वेढे कापले होते. स्प्रिंग कापली की ती मऊ होते असा समज आहे, तो चुकीचा. वेढे कमी झाले की स्प्रिंग उलट कडक होते, पण आखूड पडते, त्यामुळे चाकाला वर-खाली व्हायला जागा उरत नाही. दोन माणसं बसली की सस्पेन्शन थेट तळाला आपटतं. काही ठिकाणी स्प्रिंग गॅसच्या ज्योतीने तापवून बसवतात. ते त्याहून वाईट, कारण पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढे आपोआप बसतच जाते. 'खर्रर्र' आवाजाचं उत्तर मागच्या मडगार्डच्या आत होतं: टायर घासून प्लास्टिकवर हाताच्या पंजाएवढा गुळगुळीत काळा पट्टा उमटलेला.

मागची बाजू खाली गेली की पुढचं चाक हलकं पडतं, गाडी वळायला आळशी होते आणि हेडलाईटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. हे झाकायला पुढचे शॉकअप हँडलच्या प्लेटमधून ३५ मिमी वर सरकवले होते. एवढं सरकवलं की जोरात ब्रेक दाबल्यावर पुढचं मडगार्ड वरच्या चोचीला, म्हणजे हेडलाईटखाली पुढे आलेल्या भागाला, लागतं. आणि साईड स्टँड? गाडी खाली आली तरी स्टँड तेवढाच राहिला, तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा उतार मिळाला की पलीकडे पडते. इथे कुणीतरी स्टँड थोडा कापून वेल्डिंग केला होता, पण कमी कापला. वर, स्टँड खाली असताना इंजिन बंद करणाऱ्या स्विचची वायर थेट जोडून टाकली होती. म्हणजे स्टँड खाली असतानाही गाडी सुटणार आणि पहिल्या डाव्या वळणावर तो रस्त्यात रुतणार.

हे सगळं घेण्याआधी कळू शकतं. टेप, टॉर्च आणि पंधरा मिनिटं पुरतात. सपाट जागा मागा. डीलर नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. गाडी सरळ धरून सीटच्या सगळ्यात खालच्या भागापासून जमिनीपर्यंत मोजा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडा. जो फरक येईल त्यातला प्रत्येक मिलीमीटर कुठून आला ते विक्रेत्याकडून वदवून घ्या. हँडलच्या वरच्या प्लेटच्या वर शॉकअपची नळी किती डोकावते ते बघा. दोन्हीकडे सारखीच हवी. एका बाजूला जास्त असेल तर प्रश्न बहुधा लोअरिंगचा नसतो, वाकलेल्या शॉकअपचा असतो. अपघातात वाकलेली नळी ठोकून सरळ करतात आणि "लोअर केलीय" या नावाखाली खपवतात. म्हणून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. वळण थांबवणाऱ्या चेसिसवरच्या स्टॉपरवर ठोकल्याची खूण, ताजा रंग किंवा तडा दिसला तर गाडी पडलेली आहे. हँडल मधोमध येताना अडखळलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलेला.

मेन स्टँड असेल तर आणखी एक माप घ्या. गाडी स्टँडवर लावून, मागचं चाक अधांतरी असताना, मागच्या एक्सलपासून (चाकाच्या आसापासून) सरळ वर एखाद्या पक्क्या बिंदूपर्यंत मोजा. मग गाडी चाकांवर उभी करून, हेल्मेट-जॅकेटसह बसून, दुसऱ्या माणसाकडून तेच अंतर मोजून घ्या. दोन्हींतला फरक मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसरा हिस्सा असावा. हिमालयन ४११ ची मागची हालचाल १८० मिमी, म्हणजे फरक ६० च्या आसपास. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाने ९० मिमीपेक्षा जास्त खाली नेली तर स्प्रिंगला हात लागलाय किंवा ती थकलीय. आणि लोअर केलेली गाडी मेन स्टँडवर चढवायलाच दम लागत असेल, तर तीही एक खूणच.

आता मूळ मुद्दा. नव्या रायडरला दोन्ही टाचा टेकायची खरंच गरज असते का? नसते. थांबताना एक पाय भक्कम टेकला, दुसरा फूटरेस्टवर राहिला, तरी पुरतं. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात आणि रस्त्याचा उतार बहुतेक कडेला असतो, त्यामुळे कडेला थांबताना डाव्या पायाखालची जमीन नेमकी खोल लागते. कडेला जाण्यापेक्षा रस्त्याच्या सपाट भागात थांबायची सवय लावा आणि पुढचा ब्रेक धरून जो पाय उंच बाजूला आहे तो टेका. हे एखाद्या मोकळ्या मैदानावर आठवडाभर गिरवलं तर ३०-४० मिमीची भीती निम्मी होते.

शिवाय सीटचा आकडा एकटा काही सांगत नाही. हिरो स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिमी, हिमालयन ४११ ची ८००. फरक अवघा १५ मिमी! तरीही स्प्लेंडरवर कुणी घाबरत नाही, कारण ती ११२ किलोची आहे आणि तिची सीट मांड्यांमध्ये अरुंद आहे. रुंद सीट पाय बाहेर फाकवते आणि ७० सेंटीमीटरचे पाय ६७ चे होतात. तिरकी झालेली १९९ किलोची गाडी सावरताना उंचीपेक्षा वजनच नडतं. म्हणून पाच फूट एक-दोन इंचाच्या नवशिक्याने आधी वजन बघावं, मग सीटची रुंदी, मग उंची. बजाज अव्हेंजरची सीट ७३७ मिमी, जुन्या जावा ४२ ची ७६५. रॉयल एनफील्डची मीटिअर ३५० सुद्धा ७६५ ची, पण १९१ किलोची. हंटर ३५० ची ७९०, वजन १८१. यामाहा एफझी-एसची ७९०, पण वजन १३५ किलोच्या घरात. शिकायला आमच्या मते ती या सगळ्यांत सोपी. नवी हिमालयन ४५० हवीच असेल तर तिची सीट ८२५ आणि ८४५ अशी बदलता येते आणि कंपनीचीच ८०५ ची बुटकी सीटही मिळते. लोखंडी पट्ट्यांपेक्षा तो खर्च परवडतो.

आवडलेली गाडी थोडी उंच पडत असेल तर क्रम असा ठेवा. आधी मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, सगळ्यात ढिला करा. हलक्या माणसासाठी तो तसाच असायला हवा, आणि यात पैसे लागत नाहीत. मग चांगल्या कुशनवाल्याकडून सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी अरुंद करून घ्या, वरून १५ मिमीपेक्षा जास्त काढू नका. जाड तळव्याचे बूट २०-२५ मिमी देतात. एवढ्यानेही जमलं नाही तरच लिंक बदला, तीही मशीनवर केलेली जोडी. गाडी पुढे आणि मागे सारखीच खाली घ्या, फार तर २५ मिमी. सोबत स्टँड त्याच हिशोबाने लहान करा, चेनचा ताण आणि हेडलाईट पुन्हा लावून घ्या. काढलेले मूळ भाग जपून ठेवा. बदल विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा पुढे येतो.

कागदांतही याच डीलरने हात मारला होता. मालकी बदलायचे सहीचे फॉर्म २९ आणि ३० तारीख न घालता दिले आणि "नावावर करायची घाई नको" म्हणून सांगितलं. आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. एम-परिवहन या सरकारी ॲपवर मालकाचं नाव, बोजा आणि विम्याची मुदत दिसते. ते इसार देण्याआधी बघायचं, नंतर नाही. बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. चेसिसवर ठोकलेला नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, ते दाखवायला सांगा. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप आला असं कायदा मानतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग १४ दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो.

फसलाच असाल तर दुरुस्तीची घाई करू नका. गाडी उघडण्याआधी सीटपाशी टेप धरून फोटो काढा, मग प्रत्येक भाग काढताना. मेकॅनिककडून मापांसह लेखी अहवाल आणि बिल घ्या. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि यूपीआयची नोंद एकत्र ठेवा. डीलर धंदा करणारा असल्याने ग्राहक संरक्षण कायदा २०१९ त्याला लागू होतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही. खाजगी मालकाकडून घेतली असेल तर हा मार्ग नाही. तिथे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत फसवणुकीची तक्रार करता येते. कापलेली स्प्रिंग आणि पट्ट्या पिशवीत बंद करून तारीख घालून स्वतःकडेच ठेवा. "आणून द्या, बदलून देतो" असं डीलर म्हणेल, पण पैसे खात्यात जमा होईपर्यंत त्या त्याच्या हातात देऊ नका.