माध्यमस्वातंत्र्याचा निर्देशांक: क्रमांक सोडून बाकीचे वाचावे

पॅरिसमध्ये मुख्यालय असलेली ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था २००२ पासून जागतिक माध्यमस्वातंत्र्य निर्देशांक प्रसिद्ध करते. तो जाहीर झाला की ‘देश इतक्या क्रमांकांनी घसरला’ किंवा ‘सावरला’ असा मथळा येतो आणि पुढच्या वर्षापर्यंत विषय मिटतो. काही वर्षांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, मथळ्यात जाणारा हा क्रमांकच या साधनाचा सर्वांत कच्चा भाग आहे.

भारताचेच पाहा. १८० देशांच्या यादीत २०२३ मध्ये १६१वा असलेला देश २०२४ मध्ये १५९वा झाला, म्हणजे दोन पायऱ्या वर चढला. गुण मात्र शंभरपैकी ३६.६२ वरून ३१.२८ वर आले होते. इतरांची घसरगुंडी झाली म्हणून आपला नंबर वर लागावा, त्यातलाच हा प्रकार. संस्थेने हे लपवलेले नाही. देशाच्या पानावर गुण आणि क्रमांक दोन्ही दिलेले असतात, पण तिथवर जातो कोण?

खरा ऐवज त्या पानावरच आहे. २०२२ मध्ये पद्धत बदलली आणि तेव्हापासून राजकीय, आर्थिक, कायदेविषयक, सामाजिक-सांस्कृतिक व सुरक्षितता अशा पाच निकषांवर वेगवेगळे गुण दिले जातात (त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांशी तुलना जपून करावी). सरकारला जाब विचारण्याच्या माध्यमांच्या कामाला कितपत पाठबळ मिळते, हे राजकीय निकषात तपासले जाते. मला त्याहून उपयोगी वाटतो तो आर्थिक निकष, कारण मालकांचे हितसंबंध आणि सरकारी पैशाचे वाटप यांच्याकडे तो लक्ष वेधतो. पत्रकाराला अटक झाली तर त्याची बातमी होते. जाहिराती बंद होतील या धास्तीने जी बातमी छापलीच गेली नाही, तिची नोंद कोण ठेवणार?

उणीवही सांगितली पाहिजे. पत्रकारांवरील अत्याचारांच्या नोंदी आणि जाणकारांनी भरलेली प्रश्नावली, या दोहोंतून गुण ठरतात. उत्तरे देणाऱ्यांची नावे गुप्त ठेवणे समजण्यासारखे आहे, परंतु एखाद्या देशातून किती जणांनी ती दिली, एवढा साधा आकडाही देशाच्या पानावर सापडत नाही. नमुना फार लहान आणि पद्धत अपारदर्शक असल्याचा आक्षेप भारत सरकारने संसदेत घेतला होता. आक्षेप घेणाऱ्याची सोय त्यात असेलही, म्हणून तो गैरलागू ठरत नाही.

माध्यमांचा पक्षपात मोजायला मात्र हे साधन घेऊ नये. पत्रकारितेचा दर्जा आपण मोजत नाही, असे संस्थाच सांगते. यादीत अग्रस्थानी राहणाऱ्या नॉर्वेतले वर्तमानपत्रही एका बाजूला झुकलेले असू शकते. त्यासाठी मी जुनीच रीत वापरतो: सरकारी खर्चाच्या लेखापरीक्षणाचा एखादा अहवाल आला की त्या दिवशीची दोन वर्तमानपत्रे शेजारी ठेवायची आणि लेखापरीक्षकाचा ठपका कोणत्या परिच्छेदात आला, मंत्रालयाचा खुलासा कोणत्या, हे पेन्सिलीने मोजायचे.