एकट्यानं लिहावं की गटात?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या भाचीनं विचारलं, "मामा, घरीच लिहू की रविवारच्या गटात येऊ?" दोन्ही करून झालंय, म्हणून सांगतो.

खर्चाचं काही फार नाही. घरी दोनशे पानी वही पुरते. गटात वर चहा आणि पेट्रोल.

सातत्याचं मात्र बघण्यासारखं. घरी मी पहाटे अर्धा तास बसायचो, पण हळदीचे सौदे सुरू झाले की वही बंद, ती थेट पावसाळ्यात उघडायची. गटात सहाजण वाट बघतात. रिकाम्या हातानं जायची लाज वाटते, आणि त्या लाजेपोटीच माझ्या चार कथा पुऱ्या झाल्या.

खरा फरक खाडाखोडीत. 2019 च्या पुरावरच्या कथेत मी 'पाणी वाढलं' एवढंच लिहिलं होतं. गटातल्या एक काकू म्हणाल्या, "आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट, ते नाही सांगितलंस? 45 ला धोक्याची पातळी, पुरात दुसरं बोलतं कोण?" तेवढं बदललं आणि कथा सांगलीची झाली. घरी हे सुचलं नसतं. कवितेचं उलटं. सहाजण मिळून तिला पार गुळगुळीत करतात. नुसतं 'छान छान' करणारा गट तर नकोच.

कथा-ललित लिहिणाऱ्यानं आणि माझ्यासारख्या आळशानं गट धरावा. डायरी, कविता, पहिला कच्चा खर्डा एकट्यानं. भाचीची वही अजून कोरी आहे, तिनं आधी महिनाभर घरीच लिहावं. संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला मात्र तिला नेणार आहे.